दोन साडू आणि एक टाइमकोड

सासूबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला थोरल्या जावयाने पडद्यावर साडेतीन मिनिटांची फिल्म दाखवली, आणि त्या दिवसापासून धाकट्या जावयाला जेवण गोड लागेनासं झालं. फिल्म म्हणजे तरी काय, घरातलेच जुने फोटो. त्यातले निम्मे धाकट्यानेच काढलेले. एकात तर कोपऱ्यात त्याचा अंगठाही आला होता. थोरल्याने फक्त खाली तबल्याचा ठेका लावला आणि बरोबर समेवर फोटो बदलला. सम आली की सासूबाई शाळेच्या गणवेशात, पुढची सम आली की सासूबाई स्कूटरवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचं एवढं काही नाही, नातेवाईक जेवणाआधी कशालाही टाळ्या वाजवतात. खरा घाव पुढे बसला. सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बरोबर."

आता हा एक शब्द एवढा झोंबण्याचं कारण काय, ते सांगायला हवं. सासरेबुवांना सगळे बाबा म्हणत. बाबांनी चव्वेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुरुस्त झालेलं घड्याळ ते कानाला लावत, डोळे मिटत आणि एकतर "बरोबर" म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देत, नाहीतर "बघू" म्हणून परत खणात टाकत. दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, पण जगाकडे बघायची ती दोन खाती त्यांनी चालूच ठेवली होती. थोरल्या जावयाची नोकरी, त्याचं घर, त्याच्या गाडीचा रंग, सगळं "बरोबर" खात्यात. धाकट्याच्या वाट्याला बावीस वर्षं नुसतं "बघू". त्याला बढती मिळाली तेव्हा बघू. त्याने स्वतःच्या हाताने पंखा दुरुस्त केला तेव्हा, पंखा फिरत असतानाही, बघू. मुलगी झाल्याचा फोन केला तेव्हासुद्धा बाबा "बघू" म्हणाले होते. फक्त तिथे त्या शब्दाचा काही अर्थ तरी लागत होता.

धाकटा म्हणजे कोणी पोरसवदा नव्हे. वय वर्षं एक्कावन्न, वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारपेठेतले दुकानदार त्याला बघून तराजूवरची धूळ झटकत. पण सासरी मात्र तो बावीस वर्षं "धाकटे जावई"च होता आणि थोरला वारला तरी धाकटेच राहणार होता. हा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग थोड्या वेळाने तोच विचार पुन्हा आला.

बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस चार महिन्यांवर होता. धाकट्याने जाहीर केलं की या वेळी कार्यक्रम तो करणार. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होता आणि सात धुना तो न चुकता वाजवत असे. आठवी चुकवत वाजवत असे. बेत असा, की तो सगळ्यांसमोर बसून प्रत्यक्ष वाजवणार आणि त्याच्या वाजवण्याबरोबर पडद्यावरची फिल्म आपोआप चालणार. एक नाही, दोन पडदे. थोरल्याने एक पडदा केला होता.

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "हे बाबांसाठी करताय की भाऊजींसाठी?"

असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे बावीस वर्षांत त्याला कळलेलं होतं.

पहिली तालीम रविवारी दुपारी घरातच झाली. एका हाताने कीबोर्डचा ठेका सुरू करायचा, दुसऱ्या हाताने लॅपटॉपवरची फिल्म, की झालं. वरच्या मजल्यावर पोहण्याचे एक निवृत्त प्रशिक्षक राहत. आवाज ऐकून ते खाली आले आणि त्यांनी लगेच सूत्रं हातात घेतली. सुरुवात महत्त्वाची, ते म्हणाले, आणि खिशातून शिटी काढली. निवृत्त झाल्यावरही हा माणूस खिशात शिटी का बाळगत होता हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. शिटी वाजली, दोन्ही यंत्रं एकदम सुटली. पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्या मिनिटाला सूर जरा पुढे गेला. चौथ्या मिनिटाला बाबांच्या शाळेची हळवी धून संपून लग्नाची जोरकस धून लागली तेव्हा पडद्यावर बाबा अजून तिसरीत होते आणि त्यांच्या नाकाला शेंबूड होता.

प्रशिक्षकांनी सहा वेळा शिटी फुंकली. शेजारच्या काकू शिटी कशाची म्हणून बघायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, जरा हळू वाजवा, फिल्मला धाप लागतेय. प्रशिक्षकांचं निदान वेगळं होतं. पोहणाऱ्याने शेजारच्या पट्ट्यात बघायचं नसतं, ते म्हणाले, बघितलं की मागे पडतो. तुमचं सगळं लक्ष दुसऱ्या पट्ट्यात आहे. ते कीबोर्ड आणि लॅपटॉपबद्दल बोलत होते. धाकट्याच्या मात्र वर्मी लागलं.

शेवटी तो साउंडवाल्या बाईंकडे गेला. पन्नाशीच्या, कमरेला चाव्यांचा जुडगा, दुकानात वायरींच्या वेटोळ्यांमध्ये बसायला एकच स्टूल आणि त्यावर त्या स्वतः. त्याला उभं ठेवूनच त्यांनी समजावलं. दोन यंत्रं एकदम सुरू केली म्हणजे बरोबर चालतात असं नाही, कारण प्रत्येकाच्या पोटात आपापलं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं सारखी नसतात. म्हणून मधे टाइमकोड लावायचा. म्हणजे एक डबा सतत वेळ सांगत राहतो: इतके तास, इतकी मिनिटं, इतके सेकंद आणि सेकंदाचा पंचविसावा भाग. बाकीचे डबे ते ऐकतात आणि स्वतःचं घड्याळ बाजूला ठेवून त्याच्यामागून चालतात. प्रत्येक डब्यावर एक खटका असतो. खटका वर, तर डबा सांगणारा. खटका खाली, तर ऐकणारा.

"सांगणारा एकच पाहिजे," बाई म्हणाल्या. "बाकी सगळे ऐकणारे. एवढं सांभाळलंत की काही बिघडत नाही. लोकांना तेवढंच जमत नाही."

डबा भाड्याने मिळेल का, तर दोन दिवसांपूर्वीच एक गृहस्थ शेवटचा घेऊन गेले होते. अगदी सज्जन माणूस, बाई म्हणाल्या, किती नम्र बोलणं, आणि गाडीचा रंग काय सुंदर. धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण नुसतं मनात आणायचा अवकाश, हा माणूस डबा घेऊन मोकळा. त्याने तिथल्या तिथे निश्चय केला की भाड्याचा नको, आपण आपला स्वतःचा मागवायचा.

डबा परदेशातून निघाला, तीन आठवड्यांत गावात पोचला आणि पार्सल कचेरीत अडकला. खिडकीमागच्या कारकुनाने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, हे यंत्र काय करतं. सिग्नल देतं, धाकटा म्हणाला. कोणाला, कारकुनाने विचारलं. या प्रश्नावर मागे उभे असलेले दोघेजण नीट ऐकायला पुढे सरकले. धाकट्याने प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्या सासऱ्यांच्या फोटोंना. कारकुनाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, मग साहेबांकडे गेला, मग साहेब स्वतः येऊन त्याच्याकडे बघून गेले. सिग्नल प्रकरण मिटायला दोन चकरा लागल्या. तिसऱ्या वेळी नवीनच निघालं: यंत्र वेळ मोजतं, म्हणजे ते मोजमापाचं साधन झालं, म्हणजे त्याला वजनमापे खात्याचा पडताळणीचा दाखला हवा.

आपल्याच खात्याचा नियम आपल्यालाच आडवा यावा याचं त्याला आधी हसू आलं. त्याने ओळखपत्र काढून खिडकीत ठेवलं. कारकुनाने ते वाचलं आणि अतिशय अदबीने म्हणाला की मग तर साहेबांना नियम माहीतच असेल. होता. एकोणीस वर्षं तो हाच नियम दुकानदारांना तोंडपाठ म्हणून दाखवत आला होता. अर्ज रीतसर त्याच्याच कचेरीत आला, फिरत फिरत त्याच्याच टेबलावर येऊन पडला, आणि निरीक्षकाने स्वतःच्या मालाची पडताळणी करू नये या पोटनियमाखाली त्याने स्वतःच तो नाकारला. नाकारताना सही करावी लागली, ती त्याने जरा दाबूनच केली. मग अर्ज समोरच्या टेबलावर गेला. समोरचे निरीक्षक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते. धाकट्याने बावीस दिवस ती रिकामी खुर्ची आणि तिच्यासमोरचा आपला अर्ज पाहिला. दोघांच्या मधे जेमतेम चार फूट अंतर होतं. कितीतरी दुकानदार असेच आपल्यासमोर उभे राहत, हे त्याच्या लक्षात आलं, पण त्याचा विचार करायला ही वेळ नव्हती.

इकडे दोघी बहिणींनी फोनवर परस्पर तह करून टाकला. दोघांचे दोन कार्यक्रम नकोत, एकच करायचा: फिल्म थोरल्यांची, संगीत धाकट्यांचं. बायकोने हे सांगितलं तेव्हा धाकटा म्हणाला की मला काय, माझी काहीच हरकत नाही. हे वाक्य त्याने तीन दिवसांत सात वेळा म्हटलं.

वाढदिवसाच्या सकाळी सगळे सोसायटीच्या हॉलमध्ये जमले. दाखला आदल्याच दिवशी मिळाला होता, डब्यावर खात्याचं चकचकीत मोहोर मारलेलं लेबल होतं आणि ते समोर येईल असा धाकट्याने डबा ठेवला. थोरल्याचा भाड्याचा डबा त्याच्या शेजारी. साउंडवाल्या बाईंनी स्वतः येऊन जोडणी केली. कीबोर्ड धाकट्याच्या डब्याला जोडलेला. डाव्या पडद्यावर थोरल्याची मुख्य फिल्म, ती थोरल्याच्या डब्यावर. उजव्या पडद्यावर त्याच काळातले मोठे फोटो, ते दाखवणारं यंत्र दोन्ही डब्यांना जोडलेलं. बाईंना दुसऱ्या कामावर जायचं होतं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "सांगणारा कुठला, तुमचं तुम्ही ठरवा. पण एकच."

दोन साडू टेबलापाशी समोरासमोर उभे राहिले. आजूबाजूला अर्धे नातेवाईक.

"तुमचाच सांगणारा ठेवू या, साडूभाऊ," थोरला म्हणाला. "संगीत तुमचं आहे."

धाकट्याला हेच हवं होतं. पण चारचौघांत लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. तो म्हणाला, छे छे, फिल्म तुमची, अनुभव तुमचा, तुमचाच डबा सांगणारा. थोरला म्हणाला, असं कसं, तुम्ही इतकी खटपट करून मागवलाय. धाकटा म्हणाला, खटपट कसली, तुम्ही मोठे. थोरला म्हणाला, मोठा वयाने, यातलं तुम्हाला जास्त कळतं. हे असं दोन्ही बाजूंनी बरंच चाललं. एकमेकांच्या दंडाला हात लावून झाले, थोरल्याची बायको म्हणाली पुरे आता, आणि शेवटी दोघेही म्हणाले, बरं, तुम्ही म्हणता तसं. आणि दोघे दोन दिशांना गेले.

आता धाकट्याने पाणी प्यायला जाताना शांतपणे विचार केला. साडू काय म्हणाला? तुमचाच सांगणारा ठेवा. एकदा नाही, तीनदा म्हणाला. मोठ्या माणसाचा शब्द किती मोडायचा? त्याने येताना टेबलावरून हात फिरवल्यासारखं केलं आणि आपल्या डब्याचा खटका वर केला. शेजारच्या डब्याकडे त्याने बघितलंही नाही. बघणं म्हणजे अविश्वास दाखवणं झालं असतं.

बाबा पहिल्या रांगेत मधोमध बसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हात मांडीवर. धाकट्याने कीबोर्डवर बोटं ठेवली. बाकी हॉलमधल्या एकशेवीस लोकांचं त्याला काही नव्हतं. त्याला या एका म्हाताऱ्याच्या तोंडून एक शब्द हवा होता, आणि तो आज मिळाला नाही तर पुढचा मोठा वाढदिवस कधी, याचा हिशेब करणंही त्याला नकोसं वाटत होतं.

धून सुरू झाली. अर्धं मिनिट डावा पडदा बरा चालला. उजवा मात्र पहिल्याच क्षणापासून बिथरला. त्याला दोन डबे दोन वेगळ्या वेळा सांगत होते आणि ते बिचारं आज्ञाधारक यंत्र दोघांचंही ऐकत होतं. बाबा पाच वर्षांचे, लाकडी घोड्यावर. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, दवाखान्यात मोतीबिंदूची पट्टी लावून. पुन्हा घोड्यावर. पुन्हा दवाखान्यात. लोक आधी कौतुकाने बघत होते, काही नवीन प्रकार असेल म्हणून. मग मागून कोणीतरी फसकन हसलं. तोवर डावा पडदाही सुराला सोडून गेला होता. धून लग्नाची आणि पडद्यावर नवा फ्रीज घरात येत होता. प्रशिक्षकांना खास बोलावणं होतं. त्यांनी सवयीने खिशात हात घातला, पण त्यांच्या बायकोने तो वरचेवर धरला.

धाकट्याने वाजवणं थांबवलं. उजव्या पडद्यावर बाबा एकटेच घोड्यावरून दवाखान्यात ये-जा करत राहिले.

बाबा उठले. सावकाश टेबलापाशी आले, वाकले आणि दोन्ही डबे चष्म्याच्या खालच्या काचेतून न्याहाळले. हा काय प्रकार आहे, म्हणून त्यांनी विचारलं. दोघांनी अर्धं अर्धं सांगितलं. बाबांना ते फारच लवकर समजलं.

"मग यातला ऐकणारा कुठला?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने थोरल्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी थोरल्याने धाकट्याच्या डब्याकडे दाखवलं. दोघांचे हात मधे एकमेकांना लागले. दोन्ही खटके वर होते. हेच म्हणाले, तुमचा ठेवा म्हणून, असं दोघेही एकदमच म्हणाले, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

बाबा नुसते उभे राहिले, दोघांपैकी कोणाकडेही न बघता.

धाकट्याला त्या वेळी सगळं लख्ख दिसलं. आता सांगणारा होण्यात काही अर्थ उरलेला नव्हता. आता जो आपला खटका खाली करील तो जिंकला. त्याने हात पुढे केला. त्याचं बोट खटक्यापासून वीतभर अंतरावर होतं, तेवढ्यात शेजारी टक असा आवाज झाला. थोरल्याने आपला खटका खाली केला होता.

"तुम्ही सांगा, साडूभाऊ," तो म्हणाला. "मी ऐकतो."

बाबांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर," ते म्हणाले.

मग कार्यक्रम झाला, आणि तो अप्रतिम झाला. दोन्ही पडदे धाकट्याच्या बोटांमागून अगदी सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंत सरळ चालले. सम आली की बाबा दुकानाच्या पायरीवर, सम आली की बाबांच्या मांडीवर नात. बायका डोळे पुसत होत्या. धाकटा सातही धुना न चुकता वाजवत होता आणि आतून जळून खाक होत होता. कार्यक्रम संपल्यावर लोक थोरल्याला भेटायला गेले. किती मोठं मन, म्हणाले. अशा वेळी माघार घ्यायला जिगर लागते. धाकट्यापाशी एक आजोबा आले आणि त्यांनी विचारलं की हा कीबोर्ड विजेवर चालतो का.

जेवणं झाल्यावर हॉल रिकामा झाला. दोघे साडू खाली बसून वायरी गुंडाळत होते.

"एक सांगू का, साडूभाऊ," तो एकदम म्हणाला. "मी बावीस वर्षं तुमच्यावर जळतोय."

धाकट्याच्या हातातलं वेटोळं सुटलं.

थोरला खाली मान घालून बोलत राहिला. बाबा तुमच्याकडे आले की दुपारी सोफ्यावर आडवे होतात, घोरतात, म्हणाला. तुमच्या पंख्याला नावं ठेवतात, चहात साखर कमी म्हणून कप परत पाठवतात. आमच्याकडे खुर्चीच्या कडेला बसतात आणि जे पुढे येईल त्याला बरोबर म्हणतात. "फिल्म दाखवली, बरोबर. घर घेतलं, बरोबर. मला एकदा तरी वाटतं हो, त्यांनी मला नावं ठेवावीत. पाहुण्याला नावं ठेवत नाहीत." त्याचा आवाज जरा ओला झाला होता.

धाकट्याला भरून आलं. अगदी खरं भरून आलं. बावीस वर्षं ज्याच्या नावाने आपण बोटं मोडली, तो हा असा वायरीच्या ढिगाऱ्यात बसलेला, टक्कल पडायला लागलेला माणूस. मीसुद्धा, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. मीसुद्धा तुमच्यावर जळत होतो, गाडीच्या रंगापासून सगळ्यावर. आणि तोंड उघडं असतानाच त्याच्या लक्षात आलं की हेही या माणसाने आधी सांगून टाकलंय. आता आपण काहीही कबूल केलं तरी ते मागून आलेलं.

घरी परतताना बायकोने विचारलं, इतका वेळ दोघे काय बोलत होतात. कीबोर्ड मांडीवर आडवा धरून धाकटा रिक्षात अवघडून बसला होता.

"त्यांना माझा हेवा वाटतो म्हणे," तो म्हणाला. "बावीस वर्षं."

"अगंबाई. मग तुम्ही काय म्हणालात?"

धाकट्याने मांडीवरचा कीबोर्ड जरा सरकवला. "मी म्हटलं, असलं काही मनात आणू नये माणसाने. मला तर हेवा म्हणजे काय हेच माहीत नाही."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, आणि घर येईपर्यंत थांबली नाही.